माथेरानचे घोडे कोर्टाने बंद केलेले नाहीत

माथेरानबद्दलचा एक मजकूर फिरत फिरत माझ्याकडे चौथ्यांदा आला, आणि या वेळी तो एका शिक्षक मित्राने पाठवला, म्हणून हे लिहायला बसलो. मजकुराचा सूर असा: घोडेवाल्यांच्या लॉबीने आमदार-मंत्र्यांना हाताशी धरून वर्षानुवर्षं ई-रिक्षा अडवली, शेवटी सुप्रीम कोर्टाने दणका देऊन घोडे बंद केले, पेव्हर ब्लॉकला (रस्त्यावर फरसबंदीसाठी बसवतात त्या ठोकळ्यांना) त्यांचा विरोध म्हणजे निव्वळ आडमुठेपणा, आणि माथेरान आता लीद, धूळ आणि लुटीतून सुटणार. यातली काही गाऱ्हाणी खरी आहेत. बाकीचं खोटं आहे, आणि त्यापायी माणसांच्या पोटावर पाय येतो.

आधी कोर्टाचं. 6 ऑगस्ट 2025 चा निकाल हातरिक्षांबद्दल आहे. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने राज्य सरकारला सांगितलं की माणसाने माणसाला ओढून न्यायची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करा, रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका. गुजरातमधल्या केवडियाच्या ई-रिक्षांचा दाखलाही दिला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, बाहेरच्या गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात. ज्याने तिथपासून गावापर्यंत हातरिक्षा चढताना पाहिली आहे, एकजण पुढे जुंपलेला आणि मागून दोघं खांदा लावून रेटणारे, त्याला या निकालात काही वावगं वाटणार नाही. मला तर तो फार उशिरा आला असं वाटतं. पण घोडे बंद करा, असं त्या निकालात कुठेही म्हटलेलं नाही. माथेरानमध्ये साडेचारशेच्या वर परवानाधारक प्रवासी घोडे आहेत, आणि त्यांचे परवाने या निकालाने रद्द झालेले नाहीत. निकालाचा मथळा वाचून आतला मजकूर ज्याने मनाने रचला, त्याने हातरिक्षा आणि घोडा यांची सरळ अदलाबदल केली आहे.

आता ‘लॉबी’. हा शब्द वाचून डोळ्यांपुढे येतात ते बंद दाराआडचे सौदे. पण घटनाक्रम पाहा. 12 मे 2022 ला सुप्रीम कोर्टाने ई-रिक्षा चालवून बघायला परवानगी दिली. 5 डिसेंबर 2022 ला सात ई-रिक्षा सुरू झाल्या. तेव्हा भाडं माणशी 35 रुपये होतं, शाळेच्या मुलांना 5 रुपये. पुढे वीस रिक्षांना मुभा मिळाली. आणि 2025 मध्ये अंतिम निकाल. यातली एकही गोष्ट अश्वपाल संघटनांना, म्हणजे घोडेवाल्यांच्या संघटनांना, हवी होती तशी घडली नाही. त्यांचा विरोध होता, तो त्यांनी कोर्टात वकील उभा करून उघडपणे मांडला, आणि रिक्षांच्या मुद्द्यावर ते हरले. सरकार ज्यांच्या खिशात असतं, त्यांची अशी गत होते का?

शिवाय आकडा बघा. 2011 च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या साडेचार हजारही भरली नव्हती. कर्जत विधानसभा मतदारसंघात मतदार लाखांनी आहेत. तिथे घोडेवाल्यांची मतं ती किती, आणि त्यांना घाबरून कोणता आमदार पाऊल मागे घेणार?

ते आमदारांना भेटतात, हे खरं. निवेदनं देतात, मंत्री आले की हार घेऊन उभे राहतात, मुंबईला जाऊन दालनाबाहेर ताटकळतात. हॉटेलवालेही भेटतात, दुकानदारही भेटतात. त्यांना कोणी लॉबी म्हणत नाही, ‘व्यापारी शिष्टमंडळ’ म्हणतात. आपल्या राज्यघटनेचं कलम 350 सांगतं की तक्रारीच्या निवारणासाठी कुणीही माणूस संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्याकडे निवेदन देऊ शकतो. घोडेवाल्याच्या हातातला वहीच्या पानावरचा मराठी अर्ज या कलमात बसतो. अर्ज देणं हाच गुन्हा ठरवला, तर ज्याच्याकडे पैसा नाही त्याने आपलं म्हणणं मांडायचं कुठे?

पेव्हर ब्लॉकबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे तो मजकूर सगळ्यात अन्यायाचं बोलतो.

दोन वर्षांपूर्वी पहिल्या पावसानंतर मी दस्तुरीहून गावाकडे चालत जात होतो. पुढे एक मामा रिकामा घोडा घेऊन चालले होते. मातीवर घोडा सैल चालत होता, मान खाली-वर, टापांचा आवाज जेमतेम. ब्लॉकचा उतार लागला आणि त्याची चालच बदलली. मागचे पाय आखडले, मान ताठ झाली, एकेक पाऊल चाचपून टाकायला लागला. तरी मागचा डावा पाय घसरलाच, नाल ब्लॉकवर खर्रकन घासली आणि गुडघा टेकायच्या बेतात तो सावरला. मामांनी लगाम आवळला नाही, उलट ढिला सोडला आणि मानेवर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, “दादा, आता पाठीवर कोणाचं पोर असतं तर?” मी घोड्याचा पाय उचलून नाल पाहिली. पुढच्या कडेला झिजून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

लोखंडी नाल आणि ओला, शेवाळलेला ब्लॉक, त्यात उतार. मातीत नाल रुतते, ब्लॉकवर ती सरकते. हे कळायला तज्ज्ञ समिती लागत नाही. आणि मुख्य म्हणजे कोर्टानेही या बाबतीत सरसकट मोकळीक दिलेली नाही. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक बसवायला परवानगी आहे. गावातल्या अंतर्गत रस्त्यांवर आणि ट्रेकिंगच्या वाटांवर नाही. माथेरान 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथल्या मातीच्या वाटा मातीच्याच राहाव्यात, ही मागणी करणाऱ्यांत घोडेवाले होते. मग त्या मागणीला आडमुठेपणा कसं म्हणायचं?

लीद आणि धूळ? आहे, आणि त्रास होतो. दम्याच्या माणसाला तर नक्कीच. पण लीद रोजच्या रोज उचलून तिचं खत करणं हे काम अश्वपालांनी आणि नगरपरिषदेने मिळून करायचं आहे, आणि ते जमण्यासारखं आहे. त्यासाठी घोडे हटवायची गरज नाही.

लुटीबद्दल मात्र मी घोडेवाल्यांची बाजू घेणार नाही. दस्तुरीला उतरल्या उतरल्या ‘आत काहीच चालत नाही, घोडाच घ्यावा लागेल’ असं सांगून नवख्या कुटुंबाकडून वाटेल तेवढे पैसे घेणारे लोक आहेत. त्याच फसवणुकीविरुद्ध मार्च 2025 मध्ये गावकऱ्यांनी माथेरान बंद ठेवलं होतं. तो राग खरा होता. जो फसवतो त्याचा परवाना काढून घ्या, दरपत्रक मोठ्या अक्षरात लावा, मी सही करायला पहिला येईन. पण दस्तुरीवर खोटं बोलणाऱ्या चार-दोघांसाठी पहाटे उठून खरारा करणाऱ्या, चंदी भिजवणाऱ्या सगळ्यांना चोर ठरवू नका. 2020 च्या टाळेबंदीत पर्यटक नव्हते तेव्हा कमाई शून्य झाली होती आणि घोड्यांचं पोट तसंच होतं. रिक्षा पार्किंगला लावून ठेवता येते, घोड्याला रोज खायला घालावं लागतं.

आणि एक गोष्ट अश्वपालांना, आपलेपणाने. ई-रिक्षा नकोच, हा तुमचा हट्ट मला कधीच पटला नाही. आजारी म्हातारी आणि दप्तर घेतलेलं पोर यांना तुमचा घोडा परवडत नव्हता, आणि ते तुमचं गिऱ्हाईकही नव्हतं. ज्या हातरिक्षावाल्यांना कोर्टाने त्या रिक्षा द्यायला सांगितल्या आहेत, ते तुमच्याच शेजारचे आहेत. तो विरोध सोडा. पॉइंट बघायला, रानातून फिरायला येणारा माणूस घोड्यावरच बसणार आहे.

पुढच्या वेळी आमदारांकडे जाल तेव्हा निवेदनात एवढंच मागा: दस्तुरी ते पुतळा या रस्त्यावर ब्लॉकच्या कडेने चार हात रुंदीचा मातीचा पट्टा घोड्यांसाठी राखून ठेवा. जिथे उतार जास्त आहे तिथे आधी. तारीख कळवा, मी नेरळहून तुमच्याबरोबर येतो.