पावसाळ्यात टाकी अर्धीच ठेवायची? मुळीच नाही

पाऊस लागला की गोव्यात एक मेसेज फिरू लागतो. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं म्हणून टाकी अर्ध्याच्या वर भरू नका, रिझर्व्हवर बिनधास्त चालवा, आणि चावी फिरवताच सर्र आवाज आला तर फ्युएल पंप गेला समजा. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर भाडी मारून घर चालवणारे पायलटही हे खरं मानतात, म्हणून लिहितो.

इथेनॉल पाणी ओढतं, हे खरं. पण ई-20 पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण 20 टक्केच राहतं, टाकी अर्धी असो वा भरलेली. शिवाय दमट हवेतून येणारं पाणी किरकोळ असतं. खरा धोका झाकणाचा. झाकणाभोवतीच्या खळग्यातलं पाणी खाली सोडणारं बारीक भोक चिखलानं बुजलं आणि झाकणाचं रबर कडक झालं, की पावसाचं पाणी थेट टाकीत. थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरून जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. आता हिशेब करा: 10 लिटरमध्ये जेवढं पाणी विरेल, त्याच्या निम्मंच 5 लिटरमध्ये विरेल. म्हणजे सल्ला नेमका उलटा! टाकी भरा, फक्त काठोकाठ नको; जास्त झालेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो.

रिझर्व्हची सवय कार्बोरेटरच्या काळातली. तिथे पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरायचं, कॉक फिरवला की तळातलं मिळायचं, बिघडायला विजेचा पंपच नव्हता. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यापासून जवळपास सगळ्या नव्या गाड्या एफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या आहेत. त्यांचा विजेवर चालणारा पंप बहुधा टाकीतच बसवलेला असतो, साधारण 3 बार दाबानं इंजेक्टरला पेट्रोल पुरवतो, आणि त्याची मोटर थंड राहते ती पेट्रोलमुळेच. चोर्ल्याच्या घाटात चढावर उरलंसुरलं पेट्रोल मागे सरकलं की पंप हवा ओढतो आणि गाडी झटके मारते. पेट्रोल कमी असल्याचा दिवा लागला की लगेच पंप जळत नाही. पण रोज तसंच चालवणं पंपाला महागात पडतं.

तो सर्र आवाज तर पंप दाब तयार करत असल्याचा. नेहमी येणारा आवाज आला नाही, तर मात्र आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बघा, मग फ्यूज, मग बॅटरी. बॅटरी पार उतरली असेल तर धक्का मारूनही बहुतेक एफआय गाड्या सुरू होत नाहीत.