‘नॉर्मल’ आलं म्हणजे पैसे फुकट गेले? : एका देवगडकरांना उत्तर

देवगडकर काका,

(वय 71 लिहिलंत, म्हणून काका म्हणतो.) तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की सीटी स्कॅनवरचा माझा लेख म्हणजे स्कॅन सेंटरची जाहिरात आहे. एक स्कॅन म्हणजे 300 एक्स-रे, हे मी लपवलं. पूर्वीचे डॉक्टर पोटाला हात लावून आजार सांगायचे, आताचे कमिशनसाठी स्कॅनला पाठवतात. आणि तुमच्या थोरल्या भावाच्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं, उजवा हात लुळा, तरी रिपोर्ट काय, तर ‘नॉर्मल’! ‘आम्हाला डोळ्यांनी दिसतंय ते यंत्राला दिसेना, मग पैसे कसले घेतलेत?’

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मशीनवर 22 वर्षं काढली, हा प्रश्न दारातच विचारला जायचा.

सीटीला आजार दिसत नाही, दाटपणा दिसतो. एक्स-रेची नळी डोक्याभोवती फिरते, पलीकडे किती किरण पोचले ते मोजलं जातं आणि त्यावरून संगणक प्रत्येक ठिपक्याला एक आकडा देतो. पाणी 0, हवा उणे 1000, मेंदू साधारण 30-40, ताजं गोठलेलं रक्त 60-70 च्या आसपास. म्हणून मेंदूत रक्तस्राव झाला की डाग लगेच पांढराफटक उठून दिसतो. पण गुठळी अडकून मेंदूचा एक भाग उपाशी पडला असेल, तर पहिले काही तास तिथला दाटपणा फारसा बदलत नाही. तो भाग पाणी धरून सुजायला लागला की मग काळपट दिसतो. भावाचा ‘नॉर्मल’ बहुधा या जातीचा होता.

लकवा आहे की नाही, हे डॉक्टर मशीनला विचारत नव्हतेच. ते त्यांनी हात उचलायला लावून आधीच ओळखलेलं असतं. त्यांचा प्रश्न एवढाच, की आत रक्त सांडलंय का? बाहेरून दोन्ही लकवे सारखेच दिसतात. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत देता येतं. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं, तर माणूस हातचा जाऊ शकतो. म्हणजे तुम्हाला फुकट वाटलेला तो ‘नॉर्मल’ हा शब्द म्हणजे इंजेक्शनचा विचार करायला मोकळी झालेली वाट.

आपल्याकडे हे साडेचार तास कसे जातात, तेही बघितलंय. सकाळी हात जड वाटतो. आधी तेल चोळतात, मग देवाला गाऱ्हाणं, मग मुंबईच्या मुलाला फोन, मग गाडीची शोधाशोध. आमच्याकडे पोचेपर्यंत जेवणवेळ टळलेली.

आता 300 एक्स-रे. हा आकडा मे 2021 मध्ये गाजला. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी एक सीटी म्हणजे 300 ते 400 छातीचे एक्स-रे, असं सांगितलं आणि रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्याला हरकत घेतली. गंमत भागाकारात आहे. छातीच्या एक्स-रेचा डोस 0.02 ते 0.1 मिलीसिव्हर्ट (अंगात गेलेल्या किरणांचं माप) धरतात. छातीच्या सीटीचे 7 धरा, 0.02 ने भागलं तर 350, 0.1 ने भागलं तर 70. कमी डोसचा स्कॅन असेल तर त्याहूनही खाली. डोक्याच्या सीटीचे साधारण 2. माती, दगड, हवा, आकाश यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतातच. म्हणून उगाच करा असं नाही, लहान मुलं आणि गरोदर बायांच्या बाबतीत तर दहादा विचार व्हायलाच हवा. त्या 2021 च्या लाटेत साधा खोकला असलेले लोक आठवड्यात दोनदा एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी) करून घ्यायला रांगेत होते आणि बटण मी दाबत होतो. त्याचं समर्थन मी करणार नाही.

कमिशनबद्दल तुम्ही लिहिलंत ते खोटं नाही. महिन्याअखेरीची पाकिटं मी पाहिली आहेत. जुनी सीडी न बघताच ‘परत काढून आणा’ म्हणणारेही पाहिलेत. म्हणून सीडी आणि रिपोर्ट घरात सांभाळा, आणि ‘या स्कॅनने उपचारात काय बदलणार?’ एवढं बेधडक विचारा.

पण हात लावून पोट कळतं, कवटीचं काय? पूर्वी कण्यातून हवा भरून डोक्याचे एक्स-रे काढत. रोगी डोकं धरून दिवसचे दिवस कण्हत पडायचे. मग गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमधल्या विम्बल्डनला एका बाईच्या डोक्याचा पहिला स्कॅन काढला, आणि 1979 मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. त्यांची कंपनी ईएमआय, म्हणजे आपल्या एचएमव्हीच्या तबकड्यांच्या घरातली. (आता सेंटरचे मालक मशीनचे ईएमआय भरतात, तो वेगळा.)

एका मे महिन्यात आंब्याच्या कलमावरून पडलेला पोरगा आणला होता. पडल्यावर उठून बसला, पाणी प्यायला, हातातला झेला (आंबे काढायची जाळीची काठी) मोडला म्हणून मालक ओरडेल का, विचारत होता. तीन तासांनी ओकाऱ्या आणि झापड. स्क्रीनवर कवटी आणि मेंदूच्या मध्ये भिंगाच्या आकाराचं पांढरं रक्त, मेंदू एका बाजूला सरकलेला. गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊन गुठळी काढली. पुढच्या हंगामात पेटी घेऊन आला.

तुमच्या भावाचे त्या दिवशीचे कागद असतील, तर त्यावर स्कॅनची वेळ छापलेली असते. त्रास सुरू झाल्यापासून तोवर किती तास गेले होते आणि पुढे इंजेक्शन दिलं की नाही, तेवढं बघून कळवा. आणि ते आता चालतात का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत.