‘गोल्फ’ म्हणजे ‘बायकांना बंदी’ नव्हे

सातारच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ या चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘गोल्फ’ शब्द तयार झाला. हे साफ चूक आहे.

स्कॉटलंडच्या संसदेने 1457 साली फुटबॉलसोबत गोल्फवरही बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसत. शब्द तेव्हाही होताच. आद्याक्षरं जुळवून शब्द बनवायची पद्धत तर विसाव्या शतकात रुजली. अभ्यासक या शब्दाचं मूळ बहुधा जुन्या डच ‘कोल्फ’मध्ये, म्हणजे दांडू किंवा सोट्यात, मानतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गावी बायकांचा गोल्फ क्लब 1867 मध्येच निघाला.

त्याच मेसेजमध्ये पुढे आहे की व्हिस्कीच्या बाटलीत अठरा पेग, म्हणून गोल्फच्या मैदानात अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे खड्डे. तेही खोटं. सेंट अँड्र्यूजला आधी 22 होल खेळत. 1764 मध्ये सुरुवातीच्या चारांचे दोन केले. तेच होल परतताना पुन्हा खेळायचे, म्हणून एकूण चार कमी झाले.

हे मी मुद्दाम लिहितेय. माझी भाची सुट्टीत पुण्याला गोल्फ शिकते. उजव्या हाताने खेळते, त्यामुळे मोजा डाव्या हातात. उजव्या तळव्याला घट्टे पडलेत. मेसेज वाचून तिने विचारलं, “मावशी, खरंच मुलींना बंदी होती?” तिला मी आपल्या गोल्फपटू अदिती अशोकचं नाव सांगितलं, टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आलेली. ज्यांनी मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हाही पाठवावा.