दोन सेकंद आणि एक कडी

छायाचित्र हलू नये म्हणून माणूस ट्रायपॉड विकत घेतो, हातांचा कंप जिरवणारी लेन्स शोधतो, श्वास रोखून बटण दाबायला शिकतो, आणि हे सारे अंगवळणी पडल्यावर त्याला झूम ब्लरची गोडी लागते. शटर उघडे असतानाच लेन्सची झूमची कडी फिरवायची, म्हणजे चौकटीतील प्रत्येक दिवा मध्यापासून बाहेरच्या दिशेने रेघ ओढत जातो आणि पाहणारा चित्रात खेचला जातो, एवढीच यातली युक्ती आहे.

दिवसा हा उद्योग जमत नाही. भर उन्हात आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, १०० इतकी कमी आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ/२२ इतके बारीक ठेवले तरी शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात मिटते, आणि तेवढ्यात माझ्या मेंदूचा निरोप बोटांपर्यंत पोहोचतही नाही. लेन्सवर प्रकाश अडवणारा काळा एनडी फिल्टर चढवून वेळ वाढवता येतो खरा. परंतु फिल्टरला पैसे पडतात आणि रात्र फुकट मिळते.

म्हणून मी दिवे लागल्यानंतरचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस निवडले. १८७८ साली काम सुरू झालेली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली ही वास्तू संध्याकाळच्या त्या परिसरात जागची न हलणारी बहुधा एकमेव वस्तू आहे. झूम फिरत असताना चौकटीचा मध्यबिंदू तेवढा ठिकाणावर राहतो आणि बाकी सर्व त्याच्यापासून दूर पळते, त्यामुळे तो मान कोणाला द्यायचा हे आधीच ठरवावे लागते. मी तो घुमटाखालच्या घड्याळाला दिला; लोकल गाठणारी मुंबई तशीही त्याच्याच धाकात असते.

ॲपर्चर एफ/८, वेळ २ सेकंद. पूर्ण वेळ कडी फिरवली तर इमारत नाहीशी होऊन नुसता रेघांचा झोत उरतो, यासाठी पहिल्या सेकंदात काहीही करायचे नाही आणि दुसऱ्या सेकंदात लेन्सच्या १८ मिलिमीटर या रुंद टोकापासून ५५ मिलिमीटर या जवळ आणणाऱ्या टोकापर्यंत कडी एकसारखी फिरवायची. यातला कठीण भाग कडीचा असेल अशी माझी समजूत होती. कडी लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखी वागते, म्हणजे आधी मुळीच हलत नाही आणि मग एकदम फिरते, हे खरे आहे. त्या धक्क्याने कॅमेराही वळतो आणि सरळ रेघांना नागमोडी वळण लागते. तरीही ट्रायपॉडचे स्क्रू करकचून आवळले आणि कडी अगोदर चार वेळा कोरडी फिरवून पाहिली की ती वठणीवर येते.

काहीही न करण्याचा तो पहिला सेकंद मात्र मुंबईत मिळत नाही. सेल्फी पॉइंटवर तीन पायांवर उभा कॅमेरा दिसला की त्याचा मालक सार्वजनिक सेवेत आहे असे गृहीत धरले जाते. एका कुटुंबाने आपला फोन माझ्या हाती दिला आणि मागचा घुमट पूर्ण येऊ द्या, अशी सूचना केली. एका आजोबांनी पडद्यावरचा नुकताच टिपलेला फोटो निरखून, "अहो, हलला तुमचा फोटो," असे हळहळून सांगितले. तो मुद्दाम हलवला आहे असे मी म्हणताच त्यांनी नातवाचा हात घट्ट धरला आणि ते दोन पावले मागे सरकले. एवढ्यात एक बेस्टची बस चौकटीतून आडवी गेली. झूमची रेघ बाहेरच्या दिशेची आणि बसची रेघ आडवी, त्यामुळे दोन्ही मिळून बसचे दिवे तिरपे ताणले गेले. मोटारींच्या मागच्या काही एलईडी दिव्यांनी तर अखंड रेघेऐवजी ठिपक्यांची माळ सोडली, कारण असे दिवे डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकत असतात आणि सरकत्या चित्रात ती लुकलुक सुटी होऊन उमटते. हे पाहून मला जो आनंद झाला, तो वाटून घ्यायला आजोबा थांबले नव्हते.

घरी भाचा बसला होता. त्याने माझ्या एका साध्या, न हललेल्या फोटोवर फोटोशॉपमधल्या रेडिअल ब्लरचा झूम हा पर्याय चालवला आणि मामाची संध्याकाळ चहा निवायच्या आत तयार करून दाखवली. मी त्याला समजावले की, कितीही प्रखर असला तरी फोटोत नुसता पांढरा म्हणून नोंदला गेलेला दिवा संगणक पसरवायला गेला की फिका पडतो, पण कॅमेऱ्यात खरा प्रकाश सरकत असल्यामुळे प्रखर दिव्याची रेघ टोकापर्यंत झळाळते. शिवाय ते एलईडीचे ठिपके संगणकाच्या स्वप्नातही येणार नाहीत.

त्याने मान डोलावून सगळे ऐकले आणि माऊस पुन्हा हातात घेतला.

"किती ठिपके टाकू, मामा?"