एकोणीस डॉलरांत रायफल कायदेशीर होत नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच निरोप मला चार वेगवेगळ्या मराठी ग्रुपांतून आला. शेवटचा तर पुण्याहून, मावसभावाकडून. या गृहस्थांनी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे आयुष्यात काही हातात धरलेलं नाही. ‘कॅलिफोर्नियात येणाऱ्या आपल्या मुलांसाठी उपयुक्त माहिती, पुढे पाठवा’ असं वर ठळक अक्षरात, आणि खाली पाच मुद्दे. एक, टेक्सास-अ‍ॅरिझोनातून रायफल आणलीत तर साठ दिवसांत १९ डॉलर भरून नोंदणी करा, रायफल कायदेशीर. दोन, दहा गोळ्यांचं मॅगझिन (गोळ्या भरायचा डबा) लावलं की एआर-१५, म्हणजे दर वेळी ट्रिगर ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरणारी रायफल, कॅलिफोर्नियात चालते. तीन, अशा रायफलींवरची बंदी तशीही कोर्टाने रद्द केली आहे. चार, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर एकदा शिकारीचा परवाना दाखवा, कोणी अडवत नाही. आणि पाच, खरं तर नोंदणी करूच नका, कारण नोंदवलेली बंदूक सरकार एक दिवस घरी येऊन उचलतं.

पहिला आणि पाचवा मुद्दा एकमेकांच्या विरोधात जातात, हे पुढे पाठवणाऱ्या कोणाच्याच लक्षात आलेलं दिसत नाही. मी वकील नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो, बरीच वर्षं नेमबाजीच्या रेंजवर जातो आणि हे कागद स्वतः भरले आहेत. टेक्सासमधल्या ऑस्टिनहून इथे सॅन होजेला बदली झालेला एक मित्र हाच निरोप वाचून सामान बांधायला निघाला होता, म्हणून हे लिहायला बसलो.

घोळाचं मूळ ‘नोंदणी’ या शब्दात आहे. आपण लग्नाची नोंदणी करतो, गाडीची करतो, फ्लॅटची करतो, आणि नोंदणी झाली की वस्तू आपली झाली असं मानतो. कॅलिफोर्नियात बंदुकीच्या बाबतीत या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं, दुकानातून घेताना विक्रेता जी नोंद राज्याच्या न्याय विभागाला पाठवतो ती. दुकानात तिला ‘ड्रॉस’ म्हणतात. ती झाल्यापासून दहा दिवस थांबायचं आणि मगच बंदूक हातात. लांब बंदुकांची, म्हणजे रायफल-शॉटगनची, ही नोंद २०१४ पासून कायम ठेवली जाते. दुसरं, बाहेरच्या राज्यातून राहायला आलेल्याने द्यायचा अहवाल. तिसरं, कायद्याने ‘असॉल्ट वेपन’ ठरवून बंदी घातलेल्या शस्त्राची नोंदणी. निरोपाने दुसऱ्या कामाचा फॉर्म घेतला आणि त्याला तिसऱ्याचं फळ चिकटवलं.

साठ दिवस खरे आहेत आणि १९ डॉलरही खरे आहेत. बीओएफ ४०१०ए हा तो फॉर्म, ऑनलाइनही भरता येतो. पण तो फक्त कळवण्याचा कागद आहे : मी इथे राहायला आलो, माझ्याकडे अमुक बंदूक आहे, हा तिचा क्रमांक. जी बंदूक राज्यात आणायलाच मनाई आहे ती या कागदाने पवित्र होत नाही. उलट आपण स्वतःच्या सहीने कबुलीजबाब लिहून देतो. ‘असॉल्ट वेपन’च्या व्याख्येत बसणारी रायफल सीमेच्या आत आणणं हा दंडसंहितेच्या कलम ३०६०० खाली गुन्हा आहे आणि त्याला चार, सहा किंवा आठ वर्षांची शिक्षा आहे. अशी रायफल आणायची तर आणण्याआधी न्याय विभागाचा परवाना लागतो, आणि घरगुती मालकाने त्या परवान्याच्या भरवशावर ट्रक भरू नये. म्हणजे महत्त्वाचा दिवस एकसष्टावा नाही. ट्रक राज्याची हद्द ओलांडतो तो आहे.

मग तिसऱ्या प्रकारची नोंदणी करू, असं कोणी म्हणेल. तो दरवाजा बंद आहे. १९८९ च्या जानेवारीत स्टॉक्टनमधल्या शाळेच्या मैदानात एकाने गोळीबार केला, पाच मुलं गेली, आणि त्याच वर्षी राज्याने नावानिशी यादी करून काही रायफलींवर बंदी आणली. पुढे २००० पासून नुसतं नाव नव्हे तर रचनाही पाहायला सुरुवात झाली. मॅगझिन हाताने सुटत असेल आणि शिवाय रायफलीवर ठरावीक भाग असतील तर बंदी. ‘अवजाराशिवाय सुटणारं’ असे व्याख्येतले शब्द होते, आणि नियमात गोळीलाही अवजार मानलं होतं. झालं, कारागिरांनी मॅगझिन सोडवायला गोळीचं टोक खुपसून दाबायचं बटण तयार केलं. त्याला ‘बुलेट बटण’ असंच नाव पडलं आणि अशा हजारो रायफली राजरोस विकल्या गेल्या. ही पळवाट बंद करणाऱ्या कायद्यांवर गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी जुलै २०१६ मध्ये सही केली. ज्यांच्याकडे ३१ डिसेंबर २०१६ पर्यंत अशी रायफल कायदेशीरपणे होती त्यांनाच नोंदणीची मुभा होती, आणि मुदत वाढून ३० जून २०१८ झाली.

ती नोंदणी म्हणजे काय प्रकरण होतं ते ज्यांनी केली त्यांना विचारा. पंधरा डॉलर फी, रायफलीचे दोन्ही बाजूंचे फोटो, बटणाचा जवळून फोटो, कधी आणि कोणाकडून घेतली त्याचा तपशील. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळाने मान टाकली. किती जण रात्री जागून ‘पुन्हा प्रयत्न करा’ वाचत बसले. त्यावरून खटला झाला, तडजोड झाली, आणि तेव्हा प्रयत्न करूनही ज्यांची नोंदणी राहिली त्यांच्यापुरती १३ जानेवारी ते १२ एप्रिल २०२२ अशी खिडकी पुन्हा उघडली. नंतर तीही मिटली. आज ऑस्टिनहून येणाऱ्याला त्या रांगेत जागा नाही.

आता दहा गोळ्यांचा मुद्दा. हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात अर्धवट आहे. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन राज्यात आणता येत नाही, हे बरोबर. पण मॅगझिन लहान आहे म्हणून रायफल चालते, हे चूक. कलम ३०५१५ पाहतं ते मॅगझिन पक्कं आहे की सुटं. पक्कं म्हणजे रायफलीची यंत्रणा उघडल्याशिवाय न निघणारं. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होऊन गोळी सुटणारी), अर्धस्वयंचलित (पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफल असेल आणि मॅगझिन सुटं असेल, तर पुढच्यापैकी एकही भाग चालत नाही : खाली लोंबणारी पिस्तूल ग्रिप, अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग), घडी होणारा किंवा सरकणारा दस्ता, ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर, फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाशी ज्वाळा दडवणारा भाग), पुढची उभी मूठ. एक भाग सापडला तरी पुरे. मॅगझिन पक्कं असेल तर हे भाग चालतात, पण मग त्यात दहापेक्षा जास्त गोळ्या मावता कामा नयेत. आणि एकूण लांबी तीस इंचांपेक्षा कमी असेल तर ती बंदीतच, बाकी काही बघायचं कारणच उरत नाही.

म्हणून इथे रेंजवर दोन तऱ्हेच्या रायफली दिसतात. एकीचं मॅगझिन कुलूपबंद असतं. दुसरीवर माशाच्या पंखासारखा प्लॅस्टिकचा विचित्र तुकडा असतो. नवा माणूस त्याला हसतो. नियमात पिस्तूल ग्रिपची कसोटी अशी आहे की गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ट्रिगरच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली जाऊ शकते का. तो पंख अंगठ्याला मुठीभोवती गुंडाळू देत नाही, बेचकी वरच राहते. दस्ता सरकत असेल तर तो पक्का करावा लागतो. नळीच्या तोंडावरचा फ्लॅश सप्रेसर काढून नुसता ब्रेक (झाडताना बसणारा धक्का कमी करणारा भाग) लावतात. इथे जपा : दुकानातल्या पाकिटावर ‘ब्रेक’ लिहिलेलं असलं तरी तो भाग झाडणाऱ्याच्या नजरेसमोरची ज्वाळा जाणवण्याइतकी कमी करत असेल तर तो फ्लॅश सप्रेसरच. कायदा गुण पाहतो, पाकीट नाही.

नावाच्या बाबतीत मात्र नेमकं उलटं. १९८९ च्या यादीत ‘कोल्ट एआर-१५ मालिका’ नावाने आहे. त्या रायफलीवर पंख लावा, दस्ता खिळवून टाका, काही उपयोग नाही, कारण तिथे रचनेचा प्रश्नच नाही. यादीत नसलेल्या कंपनीची हुबेहूब तशीच रायफल, तेच भाग बदलून, चालू शकते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट केलं की एआर किंवा एके मालिकेतली म्हणून बंदी घालायची तर त्या रायफलीचं नाव यादीत असलं पाहिजे, नुसतं दिसण्यातलं साम्य पुरत नाही. हे विनोदी वाटतं, मलाही वाटतं. पण म्हणूनच आधी रायफलीच्या अंगावर कोरलेली अक्षरं वाचावीत, मॅगझिन मोजणं नंतर. आणि ज्यांच्याकडे पॉइंट बावीसची रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात होणारी) किंवा दर गोळीला हाताने खिट्टी ओढावी लागणारी बोल्ट अ‍ॅक्शन आहे त्यांना या भागांच्या यादीशी देणंघेणं नाही. निरोपात हा फरकच नाही, त्यामुळे साधी बावीस बोअर बाळगणारे बिचारे उगाच घाबरले आहेत.

कोर्टाने बंदी रद्द केली, हा मुद्दा चटकन उरकतो. सॅन डिएगोच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी जून २०२१ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली. दोन्ही वेळा वरच्या न्यायालयाने स्थगिती दिली आणि कायदा लागूच राहिला. मथळा पाहून खरेदीला निघणाऱ्यांनी ‘स्थगिती’पर्यंत खाली वाचावं.

एच-१बीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि अर्धं सत्य फार महागात पडतं. संघीय कायद्याने एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्डधारकाला ती मनाई नाही. वैध शिकार परवाना असेल तर व्हिसाधारकाला सूट आहे, हेही खरं. चूक ‘एकदा दाखवा’ या शब्दांत आहे. सूट परवाना चालू असेपर्यंतच. कॅलिफोर्नियाचं शिकारवर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपतं. म्हणजे ज्याने परवाना पुन्हा काढला नाही, त्याच्या कपाटातली तीच बंदूक १ जुलैच्या सकाळी संघीय गुन्हा होऊन बसते. दुकानात भरायच्या ४४७३ फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि तिथे खोटं लिहिणं हा आणखी वेगळा गुन्हा. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी, देशाबाहेर काढता येतं. दहा वर्षं रांगेत उभं राहिलेल्याने ही जोखीम एका फॉरवर्डच्या भरवशावर घ्यावी का?

पाचव्या मुद्द्याला मात्र मी हसत नाही. त्या भीतीला इतिहास आहे. नव्वदच्या दशकात सुट्या मॅगझिनच्या एसकेएस रायफली आधी चालतात म्हणून सांगितलं गेलं, मग तेच मत फिरलं, आणि शेवटी राज्याने त्या २३० डॉलर देऊन विकत घेतल्या. सरकारच्या शब्दावर विसंबलेले मालक त्यात पोळले. जून २०२२ मध्ये न्याय विभागाच्याच संकेतस्थळावरून जवळ शस्त्र बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्या सुमारे १ लाख ९२ हजार लोकांची खासगी माहिती उघडी पडली. तेव्हा ‘आमच्याकडे माहिती सुरक्षित आहे’ हे वाक्य ऐकून माझीही भुवई वर जाते. नोंदवलेली असॉल्ट रायफल मुलाला वारसाने ठेवताही येत नाही. वारसाला ९० दिवसांत ती निकामी करावी, विक्रेत्याला विकावी, राज्याबाहेर पाठवावी किंवा परवाना मिळवावा लागतो.

पण यावरून ‘कळवूच नका’ हा सल्ला निघत नाही. राज्याची पथकं ज्यांच्या घरी जाऊन बंदुका घेतात ते बहुतांशी गुन्हा सिद्ध झालेले किंवा न्यायालयाने मनाई केलेले, म्हणजे बाळगण्याचा हक्कच गमावलेले लोक असतात. साधी बोल्ट अ‍ॅक्शन कळवणाऱ्याच्या दारावर त्यासाठी कोणी येत नाही. न कळवता ठेवली तर मात्र धुतल्या तांदळासारख्या बंदुकीपायीसुद्धा आपण आपल्या हाताने कायदा मोडतो.

ऑस्टिनच्या मित्राची रायफल शेवटी कोल्टची निघाली, अंगावर एआर-१५ ही अक्षरं कोरलेली. ती आणि तीस गोळ्यांची चार मॅगझिनं त्याने तिथल्याच विक्रेत्याला विकली. वडिलांनी हरणाच्या शिकारीला म्हणून हौसेने घेऊन दिलेली बोल्ट अ‍ॅक्शन तेवढी आणली. माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्याने ४०१०ए भरला, १९ डॉलर भरले. मग त्याच ग्रुपवर निरोप पुन्हा आला, या वेळी त्याच्या सासऱ्यांकडून.