माँटगोमेरीचा बसबहिष्कार देखावा होता का?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार घालून केलेली ३८१ दिवसांची पायपीट (१९५५-५६) हा देखावा होता. बसमधला वर्णभेद कोर्टाने मोडला आणि बहिष्कारासाठी केक विकणाऱ्या बायकांवर मी आधीच्या लेखात उगाच शाई खर्च केली.

कोर्टाचं श्रेय मोठंच आहे. पण क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला बसमध्ये गोऱ्यांसाठी जागा न सोडल्याबद्दल अटक झाली मार्च १९५५मध्ये. तिचं नाव फिर्यादींमध्ये असलेला खटला वकील फ्रेड ग्रे यांनी फेडरल (केंद्रीय) कोर्टात नेला तो १ फेब्रुवारी १९५६ला, बहिष्कार सुरू होऊन दोन महिने झाल्यावर आणि बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडल्यावर दोन दिवसांनी. बहिष्काराच्या आधीच्या मागण्या किती साध्या होत्या! नीट वागवा, आणि आधी येईल त्याला आधी जागा द्या, कृष्णवर्णीयांनी मागूनच बसायचं. शहराने तेवढंही दिलं नाही.

आता त्या बायका. जॉर्जिया गिलमोर स्वयंपाकीण होत्या. बहिष्कारावरून किंग यांच्यावर चाललेल्या खटल्यात साक्ष दिल्यावर त्यांची नोकरी गेली. त्यांच्या गटातल्या बायका घरी केक-पाय करून विकत आणि पैसे बहिष्काराच्या सभेत आणून देत. कुणाचे किती, हे फक्त गिलमोरना ठाऊक, कारण गोऱ्या मालकिणीला कळलं तर काम गेलंच. या पैशांची गरज रोजची होती. कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसइतक्याच १० सेंटमध्ये माणसं नेऊ लागले, तेव्हा शहराने ४५ सेंटच्या किमान भाड्याचा बडगा उगारला. मग सुमारे ३०० खासगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून धावू लागल्या. त्यांचे विमे रद्द झाले, तेव्हा लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराकडून विमा मिळवला. याला देखावा म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि निकालाने आपोआप सगळं बदलतं म्हणता, तर १९४६ आठवा. आंतरराज्य बसमधली वेगळी आसनं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच बेकायदा ठरवली होती. तरी मे १९६१मध्ये, तो निकाल पाळला जातो का हे बघायला बसने निघालेल्या फ्रीडम रायडर्स या कार्यकर्त्यांना याच माँटगोमेरीच्या बसस्थानकावर जमावाने रक्तबंबाळ केलं. ग्रे यांच्या खटल्यातला शहरी बसचा निकाल मात्र २१ डिसेंबर १९५६ला लगेच अमलात आला, कारण पुढच्या बाकांवर बसायला वर्षभर एकजुटीने तगलेलं अख्खं गाव तयार होतं. त्याच आठवड्यापासून बसवर गोळीबार सुरू झाला, एका गर्भवती बाईच्या पायांत गोळ्या लागल्या. तरीही लोक बसमध्ये चढत राहिले.