बायको लोखंड ओतते आणि आम्ही सगळी वरात मागे

परवा एक काका फोनवर म्हणाले, अरे तिला जाऊ दे ना तिच्या कामाला, तुम्ही दरवेळी सगळी वरात कशाला काढता? वरात हा शब्द मला पटला, कारण दिसतं तसंच ते. बायको शिल्पकार आहे, बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम करते, वर्षातून दोन-तीनदा कुठे ना कुठे भट्टी पेटते तिथे ती जाते आणि तिच्या मागून मी, माझी आई, दोन पोरं आणि साच्यांचे खोके. (शिल्पकार ती आहे, मी नाही. लोखंड म्हटलं की समोरचा माणूस शेकहँडला हात माझ्याकडेच पुढे करतो, भट्टी किती डिग्रीला चालते वगैरे मलाच विचारतो, मी आपला बॅगा धरून उभा. आता धाकटीच परस्पर सांगून टाकते, बाबा नाही, आई.)

काकांना तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही म्हणून इथे लिहितोय, लांबेल जरा.

चित्र एकट्याला काढता येतं, लाकूडही एकट्याला कोरता येतं, पण भट्टीवरचं बीड एकट्याला ओतता येत नाही म्हणजे नाही. आधी जुने रेडिएटर, बाथटब घणाने फोडून तळहाताएवढे तुकडे करायचे, बीड ठिसूळ असतं म्हणून फुटतं ते, पण दिवसभर फोडत बसलात की खांदे सांगतात काय फोडलं ते. मग वाळूत रेझिन (वाळू घट्ट धरणारा चिकट पदार्थ) मिसळून साचे भरायचे, आणि पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरून साचा घेतात तो नमुना, मुळातच एखाद टक्का मोठा केलेला असतो कारण थंड होताना बीड आकसतं. मग क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची उभी भट्टी, पेटवायची, वरून कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन), लोखंड, थोडी चुनखडी असे थर टाकत राहायचे, खालून ब्लोअरची हवा. बीड ११५०-१२०० डिग्रीच्या आसपास वितळतं, पण तेवढ्यावर भागत नाही, १३०० च्या वर तापलेलं बाहेर यावं लागतं, नाहीतर लॅडलमधून, म्हणजे ओतायच्या मोठ्या पळीतून, साच्यापर्यंत नेईस्तोवर थिजतं आणि पातळ कोपऱ्यांत पोचतच नाही. एक माणूस मातीचा बोळा फोडून भट्टीचं तोंड उघडतो, दोघं लॅडल धरतात, एक वर तरंगणारी मळी बाजूला सारतो, एक नवा बोळा घेऊन तयार, एक नुसता फावडं आणि कोरडी वाळू घेऊन उभा, सांडलं तर टाकायला. तुम्हीच मोजा किती झाले. जिथे दहा-पंधरा माणसं लागतातच तिथे घरचे चार जास्त आले तर वरात कसली हो?

आईचं सांगतो. तिने आयुष्यभर ऑफिसात हिशेब लिहिले, पहिल्या वेळी ती नुसती खुर्ची टाकून लांब बसली होती, कंटाळून तिने वही काढली आणि किती वाजता काय टाकलं ते लिहायला लागली. चार्ज (भट्टीत टाकायची एक खेप) सात, दहा चाळीस, कोक एवढा, लोखंड एवढं. पुढच्या वेळेपासून ते तिचंच काम झालं. एकदा तिसऱ्या टॅपला, म्हणजे तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा, लोखंड एकदम गार आलं, लॅडलच्या काठावर साय धरल्यासारखी थिजत चाललेली, सगळे ब्लोअरवर घसरले, कोणी म्हणे हवा कमी, कोणी म्हणे कोक ओला. आईने चष्मा वर केला, वहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, सहाव्या चार्जला कोक पडलाच नाही, लोखंडावर लोखंड टाकलंत. बघितलं तर खरंच. त्या दिवसापासून तिथली बाप्ये मंडळी तिला विचारल्याशिवाय बादली उचलत नाहीत आणि आई घरी आल्यावर महिनाभर हेच सांगत असते.

आता पोरांचं, कारण काकांचा खरा मुद्दा तोच होता, आगीजवळ लेकरं कशाला नेता. तर इथे काका अर्धे बरोबर आहेत. मी जे बघितलंय त्यात आग ही निम्मीच काळजी आहे, ती दिसते तरी, तिच्यापासून माणूस आपोआप दोन पावलं मागे सरतो. न दिसणारं जास्त वाईट. जुन्या रेडिएटरच्या रंगात शिसं असू शकतं, साच्याच्या वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते, भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड येतो ज्याला वासच नाही. म्हणून आमची पोरं घण चालतो तिथे फिरकत नाहीत, वाळू मिसळतात तिथे नाहीत, आणि ओतताना दोरीच्या बाहेर, आजीच्या खुर्चीच्या मागे. या बाबतीत घरात लोकशाही नाही. ओल्या काँक्रीटवर वितळलेलं लोखंड सांडलं की वाफ कोंडून काँक्रीटचे तुकडे उडतात, हे थोरल्याला नीट माहितीये आणि तो आल्यागेल्याला पाण्याची बाटली लांब ठेवायला सांगत हिंडतो, थोडा आगाऊपणाच करतो खरंतर.

माझी स्वतःची फजिती सांगून टाकतो नाहीतर बायको खाली कमेंटमध्ये येऊन लिहील. पहिल्या वर्षी मी नायलॉनची ट्रॅकपँट घालून मदतीला उभा राहिलो. क्रूच्या प्रमुख बाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ही वितळून कातडीला चिकटेल, जा. सुती, लोकर किंवा चामडं, बाकी काही नाही, आणि पँट बुटाच्या बाहेर, आत खोचायची नाही, नाहीतर ठिणगी थेट बुटात. तो अख्खा दिवस मी मुलांबरोबर दोरीच्या बाहेर काढला.

पण एक तक्रार आहेच आणि ती आयोजकांबद्दल आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं, राहण्याची सोय फक्त कलाकाराची. ठीक आहे, आम्ही आमची सोय केली. तिथे पोचल्यावर मात्र मला पहिल्याच सकाळी घण दिला, आईकडे वही आली, थोरल्याला मास्क वाटायला लावलं. म्हणजे राबायला कुटुंब चालतं, यादीत मोजायला चालत नाही. मला पैसे नकोत हो, पण जेवणाच्या यादीत नाव, मुलांना बसायला एक सावलीची जागा आणि सुरक्षेच्या सूचना सांगताना आम्हालाही बोलावणं, एवढं तरी? शेवटचं तर मी मागणी म्हणूनही धरत नाही, कारण ज्याला सूचना मिळाल्या नाहीत तोच नको तिथे पाय ठेवतो.

आणि लोखंड आणि घरदार हे काही आम्ही जोडलेलं नाही. इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखवलं, आणि १७७९ मध्ये सेव्हर्न नदीवर ओतीव लोखंडाचा पूल उभा केला तो त्याच्या नातवाने, नाव तेच, अब्राहम डार्बी. अमेरिकेत अलाबामातल्या बर्मिंगहॅमला स्लॉस फर्नेसेस आहे, १८८२ ते १९७१ लोखंड गाळणारा कारखाना, आता तिथे म्युझियम आहे आणि शिल्पकार लोखंड ओततात. बायकोच्या यादीत ते कधीचं आहे. गेलो तर पाच तिकिटं, काका.

मागच्या वेळी धाकटीला पहिल्यांदाच वाळूचा ठोकळा मिळाला, रेझिनने आधीच घट्ट झालेला, त्यावर खिळ्याने कोरायचं आणि मग मोठी माणसं त्यात बीड ओततात. तिच्या आईने दोनदा सांगितलं उलटं कोर, हिने हट्टाने स्वतःचं नाव सुलटं कोरलं, जीभ बाहेर काढून, तासभर. दुसऱ्या दिवशी साचा फोडला तर लोखंडात सगळी अक्षरं उलटी. आम्हाला वाटलं रडेल. रडली नाही, तारेच्या ब्रशने घासत बसली. पुस्तकाएवढा तो तुकडा, तीन किलोच्या वर भरला आणि तिने तो हँडबॅगेतच ठेवला. विमानतळावर स्कॅनरमध्ये नुसता काळा चौकोन दिसला, अर्थात बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने तो दोन्ही हातांनी उचलला, उलटसुलट फिरवला, म्हणाला यावर काय लिहिलंय, वाचताच येत नाही.

धाकटी म्हणाली, आरसा आणा.